हायड्रॉलिक डिस्क ब्रेक लागत नाहीयेत? ब्लीड करायच्या आधी हे बघून घ्या

"ब्रेक कमी लागतोय, एअर धरली असेल, ब्लीड करून दे." आमच्या रविवारच्या सायकलिंग ग्रुपमधली मंडळी माझ्या पार्किंगमध्ये सायकल आणतात ती निदान करूनच आणतात. ब्लीड म्हणजे ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा, म्हणजे एअर, बाहेर काढणं. आणि बहुतेक वेळा एअर नसतेच. पॅड, म्हणजे चकतीला पकडणारे ब्रेकचे तुकडे, संपलेले असतात, नाहीतर रोटरवर, म्हणजे चाकाच्या त्या चकतीवर, तेल असतं, आणि कुठेतरी ब्लीडचे पैसे आधीच देऊन झालेले असतात. तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, त्याच क्रमाने करा, मध्येच उडी मारू नका.

हे सगळं शिमानो, टेक्ट्रो वगैरेंच्या साध्या दोन पिस्टनवाल्या ब्रेकना धरून लिहिलंय. केबलवाल्या डिस्क ब्रेकची गोष्ट वेगळी, त्यात ऑइलच नसतं, ते इथे धरू नका.

लक्षणं

सायकल स्टँडवर नाहीतर भिंतीला टेकवून उभी करा, चालवायची नाही. एका बोटाने लिव्हर सावकाश दाबा आणि दाबून धरा. आता काय होतंय ते बघा.

– लिव्हर टणक लागते, हँडलपासून चांगली लांब थांबते, पण रस्त्यावर ब्रेक म्हणावा तसा पकडत नाही.
– लिव्हर लिबलिबीत लागते, हँडलला टेकते, पण भराभर चार-पाच वेळा दाबली की टणक होते.
– लिव्हर आधी टणक लागते, पण तशीच दाबून धरली की हळूहळू हँडलकडे सरकत जाते.
– एरवी सगळं छान, घाट उतरताना मात्र मध्येच ब्रेक जातो.
– ब्रेक दाबला की अख्खी गल्ली वळून बघेल एवढा ओरडतो आणि ओरडूनही सायकल थांबत नाही.
– पंक्चर काढायला सायकल उलटी केली होती, सरळ केल्यावर ब्रेकच नाही.

पहिलं आणि पाचवं लक्षण म्हणजे प्रॉब्लेम कोरड्या बाजूचा आहे, म्हणजे पॅड, रोटर, चाक. इथे ब्लीड करून काडीचाही फरक पडणार नाही. दुसरं, तिसरं आणि सहावं ओल्या बाजूचं, म्हणजे ऑइल, हवा, सील (ऑइल थोपवणारं रबर). घाटातल्याचं वेगळं आहे, ते शेवटाकडे लिहितो.

हे असं का, ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लिव्हर दाबली की आतला छोटा पिस्टन ऑइल ढकलतो, ते ऑइल पाइपमधून खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे रोटरवर बसवलेल्या पॅडच्या घरात, जातं आणि तिथले दोन मोठे पिस्टन पॅडना रोटरवर दाबतात. ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. म्हणून आत हवा असेल तर तुमच्या बोटाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि लिव्हर लिबलिबीत लागते. लिव्हर टणक आहे याचा अर्थ जोर पॅडपर्यंत नीट पोचतोय, फक्त पॅड आणि रोटर एकमेकांना धरत नाहीयेत. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मे पैसे वाचतात.

सगळ्यात आधी, ज्याला जेमतेम एखादा पाना लागतो ते

कुठली लिव्हर कुठल्या चाकाची आहे ते बघा. हसू नका. काही सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, काहींना डाव्या. मोटारसायकलच्या सवयीने माणूस उजवा हात दाबतो, तो निघतो मागचा, आणि मग "ब्रेकला जोरच नाही" अशी तक्रार. मागच्या ब्रेकला जोर कमीच असणार, कारण ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेक करतो.

मग चाक नीट बसलंय का ते बघा. क्विक रिलीज, म्हणजे पाना न लावता चाक सोडायची दांडी, असेल तर सायकल जमिनीवर उभी ठेवूनच सोडा आणि परत आवळा, म्हणजे अ‍ॅक्सल (चाकाचा आस) खाचेत पूर्ण बसतो. चाक जरा तिरकं असेल तर रोटर तिरका येतो, एका पॅडला घासतो आणि लिव्हरही वेगळीच लागायला लागते. रोटर हाताने हलवून बघा, सहा बोल्टवाला असेल तर बोल्ट ढिले नाहीत ना ते टी-२५ टॉर्क्सने (चांदणीच्या टोकाच्या पान्याने) तपासा. रोटरला उघड्या बोटांनी फार हात लावू नका, बोटाचं तेलही लागतं. आणि नुकतेच उतारावरून आला असाल तर अजिबातच नको, चटका बसतो.

लिव्हर बोटापासून लांब असेल तर जवळ घ्यायचा एक बारीक स्क्रू लिव्हरवरच असतो. ज्यांचे हात लहान त्यांना नुसतं बोटाच्या टोकाने ओढावं लागतं आणि जोर कुठून येणार. दोन मिनिटांचं काम आहे.

पॅड

मोबाइलचा टॉर्च लावून कॅलिपरमध्ये वरून किंवा मागून बघा. पत्र्याची पट्टी दिसेल आणि तिला चिकटलेला काळपट किंवा तांबूस मसाला दिसेल. शिमानोच्या पॅडचा मसाला ०.५ मिमी राहिला की पॅड बदलायचे असं कंपनीच म्हणते. ०.५ मिमी म्हणजे नखाएवढी जाडी, डोळ्यांनी कळत नाही, म्हणून शंका आली की चाक काढून पॅड बाहेर काढूनच बघा. पॅड धरून ठेवणारी पिन असते, स्वस्तातल्या ब्रेकला स्प्लिट पिन, महागातल्याला एलनचा स्क्रू. स्प्लिट पिन परत बसवताना तिचं टोक वाकवायला विसरू नका, नाहीतर ती खडखडत बाहेर येते आणि मागोमाग पॅडही.

पावसाळ्यात पॅड किती पटकन जातात याचा लोकांना अंदाज नसतो. पुण्यातली वेताळ टेकडी, तळजाई, एनडीएच्या बाजूचे रस्ते, इथला चिखल म्हणजे नुसती माती नाही, त्यात काळ्या दगडाची बारीक कच असते, आणि ती पॅड आणि रोटरच्या मधे बसली की दोन्ही घासत सुटते. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने टिकलेले पॅड जुलैतल्या थोड्याच चिखलाच्या राइडमध्ये पत्र्यापर्यंत जाऊ शकतात. पत्रा रोटरला लागला की खर्रर्र आवाज येतो, तोपर्यंत थांबलात तर पॅडबरोबर रोटरचंही बिल येणार. रोटरची जाडी शिमानोची नवीन असताना १.८ मिमी असते आणि १.५ ला बदलायचा. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, नसेल तर बोट फिरवून बघा, कडेला उंचवटा आणि मधे खोलगट लागलं तर रोटरही म्हातारा झालाय.

नवीन पॅड घेताना एक बघा. बऱ्याच स्वस्त रोटरवर इंग्रजीत बारीक अक्षरात "रेझिन पॅड ओन्ली" असं, म्हणजे फक्त रेझिनचे मऊ पॅड लावा असं, कोरलेलं असतं. त्यावर मेटलचे, म्हणजे सिंटर्ड पॅड लावायचे नाहीत. ते रोटर मऊ असतात, मेटल पॅड त्यांना खाऊन टाकतात आणि वर ब्रेकही नीट लागत नाही. दुकानदार "अहो मेटल जास्त टिकतात" म्हणेल, ते खरंच आहे, पण तुमच्या रोटरवर नाही.

तेल, म्हणजे खरा गुन्हेगार

लिव्हर टणक, पॅडला मसाला भरपूर, तरी ब्रेक लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या सायकलींमध्ये सगळ्यात जास्त हेच निघतं.

तेल येतं कुठून? चेनवर स्प्रे मारताना मागच्या रोटरवर उडतं, हे पहिलं. स्प्रे वापरूच नका, बाटलीतलं चेन ल्यूब थेंब थेंब घाला आणि जास्तीचं फडक्याने पुसा. दुसरं, सायकल चकाचक दिसावी म्हणून मारलेलं सिलिकॉन पॉलिश. आणि तिसरं आपलं खास, वॉशिंग सेंटर. राइडवरून परत येताना चिखलाने भरलेली सायकल मोटारसायकल धुणाऱ्याकडे टाकायची, तो फोम मारतो, प्रेशरने पाणी मारतो, आणि शेवटी हातात डिझेलची गन घेऊन प्रेमाने विचारतो, "दादा, डिझेल मारू ना?" आपण मोबाइलमध्ये बघत "मार मार" म्हणतो. मोटारसायकलच्या इंजिनावर ते चालत असेल. सायकलच्या दोन्ही रोटरवर आणि चारही पॅडवर तो डिझेलचा फवारा बसला की त्या पॅडचं आयुष्य तिथेच संपलं. प्रेशरचं पाणीसुद्धा हबच्या बेअरिंगमध्ये शिरतं, म्हणून घरीच बादली आणि ब्रशने धुवा, मी तर म्हणतो चिखल वाळू द्या आणि झटका, पण सेंटरला देऊ नका. द्यायचीच असेल तर डिझेलला आधीच नाही म्हणून सांगा आणि तिथे उभे राहा.

ओळखायचं कसं? पाण्याने ओला झालेला ब्रेकही ओरडतो, पण पाच-सहा वेळा दाबला की कोरडा होऊन गप्प बसतो. तेलाचा ओरडतच राहतो. पॅड बाहेर काढून उजेडात धरा, तेल पिलेला पॅड काळा कुळकुळीत आणि ओलसर दिसतो, चांगला पॅड मॅट, राखाडीसर दिसतो. रोटरवर पांढरा टिश्यू फिरवा, कोरडी काळी पूड आली तर ती पॅडचीच, काही बिघडत नाही. तेलकट डाग पसरला तर कळलंच.

उपाय. रोटरसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाइल रिपेअरवाले सर्किट पुसायला वापरतात तेच, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, म्हणजे तेल काढायला गेलो आणि वर चिकट थर देऊन आलो. पेट्रोल, रॉकेल, थिनर काही नको. स्वच्छ फडकं, दर पुसण्याला नवी बाजू, रोटरच्या दोन्ही बाजू, फडकं पांढरं राहीपर्यंत. मग हलका पॉलिश पेपर फिरवून परत एकदा अल्कोहोल.

पॅडचं मात्र सरळ सांगतो, तेल आत मुरलं असेल तर फेका. मसाला छिद्राछिद्राचा असतो, तेल आत खोल शोषलं जातं, वरून घासलं की दोन दिवस बरं वाटतं आणि गरम झाला की आतलं तेल परत वर येतं. काही जण पॅड गॅसवर भाजतात. घरच्या शेगडीवर तो धूर करू नका, आणि रेझिनचा मसाला भाजला की भुसभुशीत होतो. ब्रेकच्या पॅडवर काटकसर करून कुठे पोचायचंय? पॅडला तेल नाहीये, फक्त तोंड गुळगुळीत चकचकीत झालंय, तर गोष्ट वेगळी. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड आठच्या आकड्यात फिरवा, चकाकी गेली की बास. तोंडाला रुमाल बांधा, ती पूड फुंकू नका.

आणि हो, नवीन पॅड लावले, रोटर धुतला, आणि आठवड्याभरात परत तेच, तर तेल बाहेरून येत नाहीये. पॅड काढून त्याची मागची बाजू बघा, पत्र्याची, जिथे पिस्टन टेकतो. तिथे ओलं असेल तर कॅलिपरचा सील गळतोय, मग कितीही पॅड बदला. याचं पुढे लिहिलंय.

नवीन पॅड लावले आणि तरी लागत नाही

कारण ते अजून बसलेलेच नाहीत. नव्या पॅडचा थोडा मसाला रोटरवर सारखा पसरून एक पातळ थर बसावा लागतो, तो बसला की मग पकड येते. शोरूममधून नवी सायकल आणून "ब्रेक एकदम बेकार आहेत" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं एवढंच असतं.

रिकामा रस्ता बघा, सकाळी सहाच्या आत पुण्यातही मिळतो. साधारण २० च्या स्पीडला जा, एकच ब्रेक सावकाश पण ठाम दाबून चालण्याच्या स्पीडला आणा, पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही. असं वीसएक वेळा. मग जरा जास्त स्पीडने दहाएक वेळा. मग दुसरा ब्रेक. पकड वाढत गेलेली हाताला कळते. पूर्ण थांबून दाबून धरलं तर गरम पॅडचा मसाला रोटरवर एकाच जागी चिकटतो आणि मग दर फेरीला थडथड जाणवते, म्हणून थांबायचं नाही.

कॅलिपर आणि पिस्टन

इथपर्यंत झालं आणि तरी लिव्हर जास्त आत जाते किंवा एकाच बाजूने घासतंय, तर कॅलिपर मधोमध आहे का बघा. कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा आटा सैल करा, लिव्हर दाबून धरा, दाबलेलीच असताना बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, असेल तर शिमानोला ६ ते ८ न्यूटन मीटर. एका पॅडला आधी लागून रोटर वाकत असेल तर तो जोर वाया जातो, म्हणून हे करायचं.

मग चाक आणि पॅड काढून लिव्हर अगदी थोडी दाबा आणि दोन्ही पिस्टन सारखे पुढे येतात का बघा. अगदी थोडी म्हणजे थोडीच, जोरात दाबलीत तर पिस्टन बाहेर पडेल आणि ऑइल फरशीवर. एक येतोय आणि दुसरा ढिम्म, तर धुळीने अडकलाय. हलणाऱ्याला प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) धरून ठेवा, अडकलेला जरासा बाहेर येऊ द्या, कानातल्या बड्सवर ब्रेकचंच ऑइल घेऊन त्याची कड पुसा, परत आत ढकला, परत बाहेर, दोन-चार वेळा. स्क्रूड्रायव्हर घालू नका. काही पिस्टन सिरॅमिकचे असतात, टवका उडाला की संपलं. झाल्यावर सगळं अल्कोहोलने पुसा आणि मगच पॅड लावा. चाक काढलेलं असताना चुकून लिव्हर दाबली गेली आणि पॅड एकमेकांना चिकटले, तर तेही असंच टायर लिव्हरने मागे सारायचं, घाबरण्यासारखं काही नाही.

आता ओली बाजू

लिव्हर लिबलिबीत आहे. तरी लगेच सिरिंज काढू नका. आधी गळती शोधा. लिव्हरच्या बुडाशी, पाइप लिव्हरला जिथे जोडलाय तिथे, खाली कॅलिपरच्या जोडावर आणि तिथल्या निपलवर (ऑइल काढायच्या तोंडावर) टिश्यू गुंडाळा, लिव्हर रबरबँडने हँडलला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी कुठला टिश्यू ओला आहे ते बघा. गळती बंद न करता नुसतं ब्लीड म्हणजे पुढच्या रविवारी परत तेच.

टिश्यू कोरडे आणि लिव्हरही सकाळी जरा टणक लागतेय? मग बारीक बुडबुडे वर सरकून लिव्हरमधल्या टाकीत गेलेत. हा तात्पुरता इलाज आहे, राइड तेवढी निघून जाईल.

पंक्चरनंतर ब्रेक का जातो, त्याचं उत्तर याच टाकीत आहे. लिव्हरच्या वरच्या भागात ऑइलची एक छोटी टाकी असते. पॅड झिजत जातात तसे पिस्टन पुढे येतात, ते जेवढे पुढे येतात तेवढं ऑइल टाकीतून खाली उतरतं. ब्लीड करताना टाकीत थोडी हवा राहिलेली असेल तर सायकल सरळ असताना ती वर बसून राहते, काही त्रास नाही. सायकल हँडल आणि सीटवर उलटी केलीत की हवा पाइपच्या तोंडाशी येते आणि त्यात कोणी लिव्हर दाबली की खाली शिरते. म्हणून पंक्चर काढताना सायकल आडवी पाडा, नाहीतर उलटी केलीच तर लिव्हरला हात लावू नका. सरळ केल्यावर थोडा वेळ उभी ठेवा, लिव्हर हलके हलके दाबत राहा, बहुतेक वेळा ब्रेक परत येतो. पण सारखं होत असेल तर टाकीतली हवा काढायला हवी.

त्यासाठी पूर्ण ब्लीड लागतोच असं नाही. शिमानोला लिव्हरच्या वर एक स्क्रू असतो, त्याजागी फनेल लावायचं, थोडं ऑइल ओतायचं, लिव्हर आडवी आहे ना बघायचं, आणि हळूहळू दाबत सोडत राहायचं, पाइप खालून वर बोटाने टिचक्या मारत. बुडबुडे फनेलमध्ये येताना दिसतात. लिव्हर जरा पुढे, जरा मागे कलवून परत तेच. बुडबुडे थांबले की फनेलला बूच लावून काढा आणि स्क्रू बसवा. तो स्क्रू बोटाच्या जोराने, पिळू नका, तिथला आटा नाजूक असतो, आणि त्याची इवलीशी रबरी रिंग हरवू नका.

हे करताना पॅड काढून मधे ब्लीड ब्लॉक, म्हणजे पिस्टन मागे धरून ठेवणारा तुकडा, घालायचा, आणि पिस्टन पूर्ण मागे ढकललेले हवेत. याचं कारण महत्त्वाचं आहे. झिजलेले पॅड तसेच ठेवून टाकी काठोकाठ भरलीत तर नंतर नवीन जाड पॅड लावताना पिस्टन मागे जायला जागाच उरत नाही, ब्रेक घासतच राहतो, आणि जबरदस्ती केली तर ऑइल सीलमधून वाट काढतं.

ऑइल कुठलं

यात चूक करायची सोय नाही. शिमानो, टेक्ट्रो, मगुरा यांना मिनरल ऑइल. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट फ्लुइड (मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये असतं तसं), नव्यातल्या काहींना मात्र मिनरल. लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं ते वाचा, ब्रँडवरून अंदाज करू नका. नाना पेठेत मोटारसायकलच्या स्पेअरच्या दुकानात डॉट ३, डॉट ४ पटकन आणि स्वस्त मिळतं म्हणून ते मिनरलवाल्या ब्रेकमध्ये घातलेले महाभाग बघितलेत. सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो. उलटं केलं तरी तेच. मिनरल म्हणजे शिवणमशीनचं तेल नव्हे हेही सांगून ठेवतो, कारण तेही विचारून झालंय.

डॉट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी शिरलं की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी ओढल्यावर किमान १५५, डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. म्हणून डॉटवाल्यांनी वर्षाला एकदा ऑइल बदलावं, पुण्याच्या पावसाळ्यानंतर तर नक्की. आणि डॉट ५ हे ५.१ चं भावंड नाही, ते सिलिकॉनचं असतं, सायकलच्या ब्रेकमध्ये घालायचं नाही. डॉट रंग खातं, कातडीलाही वाईट, हातमोजे घाला, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पूर्ण ब्लीड मी इथे स्टेप बाय स्टेप लिहीत नाही, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं ते बघून करा. एवढंच सांगतो की खालून सिरिंजने वर ढकलायचं, कारण बुडबुड्याला वरच जायचं असतं. निपल अगदी थोडा उघडायचा. आणि ऑइल काळं निघालं तर स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. चाक आणि पॅड दुसऱ्या खोलीत. गंमत नाही, एक थेंब उडाला की वरचा तेलाचा अख्खा भाग परत पहिल्यापासून.

घाटात ब्रेक गेला तर

सिंहगडावरून डोणज्याकडे उतरताना साधारण सहाशे मीटर खाली येतो. सायकलसकट शंभर किलोचं वजन धरलं तर ही जवळपास सहा लाख ज्यूल ऊर्जा होते, थोडी वाऱ्यात जाते, बाकीची रोटर आणि पॅडमध्ये उष्णता होऊन बसते. दीड-दोन लिटर पाणी उकळेल एवढी. ती एवढ्याशा १६० मिमीच्या पत्र्यांनी हवेत सोडायची असते.

आता त्या वेळी लिव्हर कशी होती ते आठवा. टणक होती पण पकड नव्हती, तर पॅड तापून गुळगुळीत झाले, रेझिनचे असतील तर जास्तच. अचानक हँडलला टेकली, तर आतलं ऑइल उकळून वाफ झालीये, आणि वाफ हवेसारखीच दबते. दोन्हीला तिथल्या तिथे उपाय एकच, थांबा, गार होऊ द्या. बाटलीतलं पाणी तापलेल्या रोटरवर ओतू नका, वाकतो. गार झाल्यावर ब्रेक परत आला तरी घरी आल्यावर पॅड बघायचे, आणि उकळलं असेल तर ऑइल बदलायचं.

उतरायची पद्धतही बदला. बोपदेव असो, कात्रज असो, अख्खा घाट ब्रेक हलका दाबून धरत उतरणारे असतात, त्यांचा रोटर क्षणभरही गार होत नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, मग पूर्ण सोडा, रोटरला वारा लागू द्या. वजन जास्त असेल किंवा कॅरियरवर सामान असेल तर पुढचा रोटर १८० मिमी करून घेण्यात पैसे घालवा, त्याला अ‍ॅडाप्टर लागतो आणि फोर्कला (पुढच्या चिमट्याला) किती चालतो ते आधी बघावं लागतं.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

लिव्हर दाबून धरली की सरकत जाते आणि बाहेर कुठेच गळत नाही, म्हणजे लिव्हरच्या आतला सील गेलाय. घरी होत नाही. कॅलिपरच्या पिस्टनमागून गळतंय, तेही नाही. शिमानो कॅलिपरचे सील सुटे विकत नाही, कॅलिपर किंवा अख्खा ब्रेकच बदलावा लागतो, "सील टाकून देतो" म्हणणाऱ्याला कुठला सील ते विचारा. रोटरला तडा आहे, पाइप घासून आतले धागे दिसताहेत, फ्रेममधला किंवा फोर्कमधला कॅलिपरच्या बोल्टचा आटा गेलाय, यातलं काही असेल तर सायकल चालवत दुकानात जाऊ नका, ढकलत न्या नाहीतर टेम्पोत घाला. दोनदा नीट ब्लीड करूनही लिव्हर लिबलिबीत राहिली तर तिसऱ्यांदा करू नका, हवा कुठून तरी आत येतेय. डॉटवाला ब्रेक असेल आणि त्याचं किट नसेल तर मिनरलची सिरिंज वापरून जुगाड नको, ते सरळ सर्व्हिसला द्या.

दुकानात गेल्यावर "ब्रेक बघा" एवढंच म्हणू नका, बघतील ते ब्लीडच करतील. लिव्हर टणक आहे का लिबलिबीत, कुठल्या चाकाची, आधी काय काय केलंय, आत कुठलं ऑइल आहे, हे सांगा आणि काढलेले जुने पॅड पिशवीत घालून बरोबर न्या.